सिग्नल तुटल्यावर

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात. घरात पुस्तके पुष्कळ, हत्यारांच्या नावाखाली एक हातोडी आणि दोन पाने. अशा घरात चिरंजीवांना दहावीच्या सुट्टीत विमानांचे वेड लागले, तेव्हा आम्ही ते कौतुकाने आणि थोड्या दुरूनच पाहिले. गल्लीतल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्याला फोमचे पत्रे कापायला शिकवले. हळूहळू आमच्या बोलण्यात सर्व्हो, ब्रशलेस मोटर, लिथियम-पॉलिमर बॅटरी असे शब्द येऊ लागले. तीन महिन्यांच्या खटपटीनंतर दिवाणखान्यातल्या टेबलावर सव्वा मीटर पंखांचे, किलोभर वजनाचे एक विमान उभे राहिले. पंख धडाच्या वर बसवलेले होते. नवशिक्याला असेच विमान बरे, कारण ते हवेत स्वतःला सावरून धरते, असे आम्हांला सांगण्यात आले.

नगरमध्ये यंत्रांचे कुतूहल असणे तसे नवलाचे नाही. २०२४ पासून आमच्या जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच बसलेले आहे. हे शहर लष्कराच्या शेजाराने वाढले. के. के. रेंजवरचा रणगाड्यांच्या तोफांचा आवाज इथल्या कित्येक पिढ्यांनी अंगणात बसून ऐकला आहे. संरक्षण संशोधन संस्थेची वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा, व्हीआरडीई, इथेच आहे. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी देशात तयार झालेल्या वॅन्केल पद्धतीच्या इंजिनात तिचा वाटा होता, आणि ते इंजिन बसवलेले ‘निशांत’ २००९ च्या एप्रिलमध्ये कर्नाटकातल्या कोलारहून उडाले. ही माहिती आम्हांला आमच्या मुलाकडूनच कळली. आपल्या गावाचा हा इतिहास आपल्याला ठाऊक नव्हता, याची थोडी शरमही वाटली.

पण याच शेजारामुळे नगर शहरात विमान उडवण्याचा प्रश्न नव्हता. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे भाग पडले आहेत, आणि लष्करी ठाण्यांभोवती खेळण्याचे विमानही घेऊन जाऊ नये हे शहाण्याला सांगावे लागत नाही. म्हणून नकाशात हिरवा भाग पाहून आम्ही नेवासे तालुक्यातल्या आमच्या थोरल्या बंधूंच्या शेताचा रस्ता धरला. काळी जमीन, ऊस, कांदा, मधे एक पडीक तुकडा. फेब्रुवारीतला रविवार होता आणि वारा जेमतेम होता.

पहिली तीन उड्डाणे सुरेख झाली. चौथ्या वेळी चिरंजीवांना धीर आला आणि त्यांनी विमान खालून, कांदाचाळीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडच्या मागे नेले. ते पलीकडून बाहेर येईल म्हणून आम्ही सारे तिकडे पाहत राहिलो. ते आले नाही. आवाज मात्र येत होता, आणि तो दूर जात होता.

अशा विमानांचे संदेश २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून जातात. आपल्या देशात २००५ पासून हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. त्या लहरींना जवळजवळ दिव्याच्या उजेडासारखी समोरासमोर वाट लागते. लोखंडी पत्रा मध्ये आला की त्याच्यामागे त्यांची सावली पडते. विमान त्या सावलीत शिरले आणि सावलीतच पुढे गेले. आमच्या मुलाच्या हातातला ट्रान्समीटर जे सांगत होता ते ऐकायला पलीकडे कोणीच नव्हते.

शेडला वळसा घालून आम्ही धावलो. शेडच्या मागे कांद्याचे वाफे होते आणि पाच-सहा बायका खुरपणीला बसलेल्या होत्या. विमान त्यांच्यापासून चार-पाच वावांवर बांधाला नाक लावून तिरके पडले होते. मातीत रुतायला हवा होता तो पंखा बांधाच्या वर अधांतरी राहिला होता आणि फिरत होता. मोटर बंद झाली नव्हती. जमिनीवर पडलेले ते विमान एखाद्या जखमी पाखरासारखे थरथरत होते, आणि त्याच्याकडे सात-आठ वर्षांचा एक मुलगा हात पुढे करून धावत होता. त्याच्या आईने मागून त्याचा सदरा धरला. त्याच क्षणी आम्ही शेडच्या बाहेर आलो, पत्र्याची आड सरली, आणि ट्रान्समीटरवर खाली ओढलेली थ्रॉटलची कांडी विमानाला समजली. पंखा थांबला.

“म्या धरला म्हून बरं, न्हाई तं पोरानं हातच घातला आसता त्यात,” ती बाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आम्हांला तेच अधिक लागले. दहा इंचांचा तो प्लॅस्टिकचा पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो. मोठ्या माणसाची बोटे तो हाडापर्यंत कापू शकतो. आम्ही त्या बायकांच्या डोक्यांवरून आपली हौस उडवत होतो आणि त्यांना साधे विचारलेही नव्हते. शेत भावाचे, म्हणजे आकाशही आपलेच, असे आम्ही धरून चाललो होतो. मोडलेल्या पातीची भरपाई भावाने हसण्यावारी नेली. त्या बाईला आम्ही काय देणार होतो? क्षमा मागितली. तिने ती अवघडून घेतली आणि पुन्हा खुरपे हाती धरले.

घरी परतताना गाडीत कोणी बोलत नव्हते. घोडेगाव मागे पडल्यावर चिरंजीव म्हणाले, “बाबा, सिग्नल गेला तर मोटर बंद व्हायला पाहिजे होती. फेलसेफ असतं ना रिसीव्हरमध्ये.”

असते. आणि ते त्याने नव्हे, आम्ही बिघडवले होते.

झाले होते असे. नवा रिसीव्हर आणल्यावर त्याची आणि ट्रान्समीटरची एकदा ओळख करून द्यावी लागते. त्याला बाइंडिंग म्हणतात. आमच्याकडच्या प्रकारच्या रिसीव्हरमध्ये, ही ओळख होताना थ्रॉटलची कांडी जिथे असेल ती जागा तो कायमची लक्षात ठेवतो, आणि पुढे कधी सिग्नल तुटला तर मोटर त्या जागेवर नेतो. म्हणून बाइंडिंगच्या वेळी कांडी तळाशी असली पाहिजे. मुलगा विमानाशी तारा जोडत बसला होता, ट्रान्समीटर आमच्या हातात होता आणि माहितीपुस्तिकाही आमच्याच हातात होती. ती परदेशात छापलेली, मोडक्या इंग्रजीतली. आम्ही तिच्यातली वाक्ये मोठ्याने वाचून एकमेकांना हसवत होतो. कुठे क्रियापद हरवलेले, कुठे कर्ता दोनदा आलेला. भाषेच्या शिक्षकांना याहून स्वस्त करमणूक दुसरी नाही. त्या हसण्यात कांडी अंगठ्याने अर्ध्यावर गेली होती आणि तशीच राहिली. बाइंडिंग झाल्याचा दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. रिसीव्हरने शिकून घेतले: बोलावणे बंद झाले की अर्ध्या जोराने चालत राहायचे.

नंतर ती पुस्तिका पुन्हा काढून पाहिली. सूचना तिच्यात होती, जाड अक्षरांत. व्याकरण चुकलेले होते आणि अर्थ अगदी स्पष्ट होता. विद्यार्थ्यांना आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत की संहिता जवळून वाचा, तिच्या बाह्यरूपात अडकू नका. ती शिकवण आमच्या घरच्या टेबलावर आम्हांलाच लागू पडली नाही.

ही चूक इतके दिवस दिसली कशी नाही, याचेही उत्तर बोधक आहे. मुलाला चांगली सवय लागलेली होती: उडवण्यापूर्वी आधी ट्रान्समीटर सुरू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची, संपल्यावर आधी विमानाची बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर बंद करायचा. क्रम योग्यच आहे. पण त्यामुळे विमान जिवंत असताना ट्रान्समीटर बंद आहे, असा क्षण कधी आलाच नाही. चुकीची तरतूद चांगल्या शिस्तीच्या आड सुखरूप लपून राहिली होती.

मग आठवडाभर आमच्या घरात एकच विषय चालला: सिग्नल तुटल्यावर विमानाने काय करावे? आधी आम्हांला हा तांत्रिक प्रश्न वाटला. दोन-तीन दिवसांत कळले की तो ज्याला आपण मूल्यांचा प्रश्न म्हणतो, त्या जातीचा आहे.

पर्याय साधारण चार. पहिला ‘होल्ड’, म्हणजे शेवटचा जो हुकूम मिळाला तोच पाळत राहणे. जुन्या ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या साध्या रिसीव्हरांत काहीच तरतूद नसे. सिग्नलमध्ये खरखर आली की विमानाचे अवयव वेडेवाकडे हलत. मग आलेल्या पीसीएम पद्धतीच्या रिसीव्हरांनी निदान शेवटचा शुद्ध हुकूम धरून ठेवण्याची सोय केली, आणि क्षणभराच्या अडथळ्याला ती चांगलीच होती. पण अडथळा लांबला तर होल्ड म्हणजे अंध आज्ञाधारकपणा. पूर्ण वेगात असलेले विमान पूर्ण वेगातच जाते, बॅटरी संपेपर्यंत किंवा काही आड येईपर्यंत. हे ऐकताना आम्हांला काही उत्तरपत्रिका आठवल्या: प्रश्न कोणताही असो, शेवटी पाठ केलेले टिपण तेच.

दुसरा पर्याय, रिसीव्हरने गप्प बसणे. मोटरला संदेशच मिळत नाही, तेव्हा तिचा नियंत्रक तिला बंद करतो. पंखांवरचे आणि शेपटीवरचे पडदे मात्र जसे असतील तसे राहतात किंवा ढिले पडतात. तिसरा, आधी ठरवून दिलेल्या स्थितीत सर्व काही नेणे. चौथा, उपग्रहांवरून जागा ओळखणारा नियंत्रक बसवून विमानाला आपोआप घरी परतवणे.

चिरंजीवांचे मन साहजिकच चौथ्यावर होते. साडेचौदा हजारांचे सामान आणि तीन महिन्यांचे श्रम. ते परत यावे असे कोणाला वाटणार नाही? आम्ही ऐकून घेतले आणि विचारले की ते परत येते म्हणजे कुठे येते. जिथून उडाले तिथे, तो म्हणाला. म्हणजे जिथे माणसे उभी आहेत तिथे. आणि वाटेत? वाटेत विहिरीवरची विजेची तार, बांधावरची झाडे, रस्ता. परतीची उंची आधी नीट ठरवली नसेल, किंवा उडण्यापूर्वी उपग्रहांची गाठ पक्की पडली नसेल, तर ‘घर’ म्हणजे काय हेच त्या यंत्राला चुकीचे ठाऊक असणार. दूरवर जाणाऱ्या मोठ्या विमानांना ही सोय हवीच. डोळ्यांसमोर, हाकेच्या अंतरात उडणाऱ्या फोमच्या विमानाला मात्र तिच्यामुळे चुकण्याच्या चार जागा वाढतात.

या वादात निर्णायक वाक्य आमच्या घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने उच्चारले. अण्णा, म्हणजे मुलाचे आजोबा, दौंड-मनमाड मार्गावर रेल्वेच्या केबिनमध्ये नोकरी करून निवृत्त झाले. आमची भाषा ऐकून ते कंटाळले असावेत. त्यांनी नातवाला जवळ बोलावले. “बाळा, आमच्या वेळी सिग्नलचा हात तारेनं ओढत होतो. हात खाली पडला की गाडीनं यायचं. आणि तार तुटली तर? तर वजनानं हात आपोआप आडवा होतो. आडवा म्हणजे थांब. गाडी तासभर उभी राहील, लोक शिव्या देतील. पण समोरासमोर धडक होत नाही. तार कधी तुटणारच नाही असं धरून कोणी सिग्नल बांधला नाही.”

फेलसेफ या शब्दाला मराठी प्रतिशब्द काय, यावर आमचा त्याआधी दोन दिवस काथ्याकूट झालेला होता. ‘अपयशरोधक’ हा पहिला शब्द सुचला आणि तो साफ चुकीचा होता. फेलसेफ अपयश रोखत नाही. ते अपयश गृहीत धरते आणि त्याला निरुपद्रवी करते. ‘निर्धोक-भंग’ म्हणून पाहिले. त्याला परिभाषाकोशाचा वास आला. अण्णांचा ‘आडवा हात’ ऐकल्यावर आम्ही शोध थांबवला. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये रेल्वेसाठी जो स्वयंचलित ब्रेक काढला, त्याचेही तत्त्व हेच होते: नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले, नळी फुटली की ब्रेक लागलेले. चालू राहायला सतत परवानगी लागते. थांबायला मात्र कोणाचीही लागत नाही.

तेव्हा प्रश्न सरळ झाला. सुरक्षित, पण कोणासाठी? विमानासाठी की विमानाखालच्या माणसासाठी? दोन्ही साधत असेल तर उत्तम. न साधले तर विमान जाऊ द्यायचे. ब्रिटनमधल्या मॉडेल विमानांच्या नियमांतही सिग्नल गेल्यास किमान इंजिनाचा वेग अगदी मंद व्हावा, ही अट आहे. विजेच्या मोटरीला मंद राहण्याची गरजच नसते, ती पूर्ण बंद करता येते. मोटर बंद झालेले किलोभराचे विमान घसरत खाली येते. मोटर चालू असलेले खाली आल्यावरही कापत राहते. तो बांधावरचा पंखा आमच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पडद्यांचे काय करायचे, हा भाग अधिक नाजूक निघाला. सगळे सरळ ठेवले तर विमान मोटरीविना एका रेषेत तरंगत दूर जाऊ शकते, आणि वारा पाठीशी असेल तर भलत्याच शेतात. शेपटीचा पडदा एका बाजूला पुष्कळ वळवला तर ते जागच्या जागी गिरक्या घेत कोसळते. दूर जात नाही हे खरे. पण सिग्नल सेकंदभरच गेला असेल, आणि विमान उतरताना जमिनीजवळ असेल, तर ज्या अडथळ्यातून ते वाचले असते त्यातच ते मरते. म्हणून वळण अगदी थोडे: लांब खंड पडला तर विमान रुंद वर्तुळात आपल्याच तुकड्यावर उतरत येईल, क्षणाचा खंड पडला तर चालकाला सावरायला वाव राहील. किती थोडे, हे मुलाने कागदावर नव्हे, फोमच्या तुकड्यावर खुणा करून ठरवले. उडवण्याची जागाही बदलली: चारी बाजूंना मोकळे रान, शेड नाही, आणि कामकरी माणसे असतील त्या दिवशी उडवायचेच नाही. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे परंपरा मानते, त्याला पैसाचा खांब म्हणतात, आणि दुर्गाबाई भागवतांच्या १९७० च्या पुस्तकाचे नावही ‘पैस’ आहे. पैस म्हणजे अवकाश, ऐसपैस जागा. चुकण्यालाही पैस लागतो, हे आम्ही त्याच तालुक्यात शिकलो.

मग बाइंडिंग नव्याने केले. या वेळी पुस्तिका मोठ्याने वाचली, न हसता. कांडी तळाशी. त्यानंतर पंखा काढून ठेवला, विमान टेबलाला बांधले, मोटर थोडी फिरवली आणि मुलाने ट्रान्समीटर बंद केला. सुमारे सेकंदभर काहीच झाले नाही. तो सेकंद फार मोठा होता. मग मोटर थांबली आणि शेपटीचा पडदा किंचित डावीकडे कलला. अण्णा खुर्चीतून म्हणाले, “आडवा झाला.” आता प्रत्येक बाइंडिंगनंतर, प्रत्येक दुरुस्तीनंतर आणि उडवण्याच्या प्रत्येक दिवशी सकाळी ही चाचणी होते. शिवाय ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करून साधारण ३० पावलांवरून सगळे पडदे ऐकतात की नाही हे पाहणे, हेही आलेच.

इथे एक तुलना आपोआप सुचते, आणि सुचते म्हणूनच तिच्यावर आमचा फारसा विश्वास नाही. मुलगा दोन वर्षांनी शिक्षणासाठी बाहेर पडेल. आमचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही असे प्रसंग येतील. तेव्हा त्याने काय करावे हे आत्ताच ठरवून ठेवता येईल काय? मुलगा म्हणजे रिसीव्हर नव्हे, आणि आम्ही त्याच्यात जे अनवधानाने भरले असेल ते पुस्तिकेत सापडणारही नाही. तुलनेतून एवढेच घेतो की बांधणी करताना आपला अंगठा कुठे आहे, याचे भान हवे. आपण थट्टेत असतो आणि समोरचे शिकत असते.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा नेवाशाच्या शेतावर गेलो. काढणी सुरू व्हायला अवकाश होता. त्या दिवशी रानात कोणी नव्हते. उडवण्यापूर्वी आम्ही वस्तीवर जाऊन त्या बाईला सांगितले, की आज विमान उडवणार आहोत, पलीकडच्या पडीकात, चालेल ना? ती गोंधळली. असे विचारतात, याची तिला सवय नसावी. मुलगा मात्र आमच्या मागे आला. चिरंजीवांनी त्याला विमानापासून दहा पावलांवर बसवले, पंखा काढून दाखवला, मोटर फिरवली आणि ट्रान्समीटर त्याच्या हातात दिला. “हे बटण बंद कर,” म्हणाला. त्या मुलाने आधी आईकडे पाहिले, मग बटण बंद केले.

मोटर थांबली. त्याने ते चार वेळा करून पाहिले.